एक महिना सावलीचा

हौशी छायाचित्रकाराला एका टप्प्यावर हमखास एक प्रश्न पडतो. कॅमेरा घेऊन झाला, बटणं कळली, सिंहगडावरचा सूर्यास्त, बागेतलं फुलपाखरू, घरातले वाढदिवस सगळं टिपून झालं. आता पुढे काय? मग नव्या लेन्सची चौकशी सुरू होते, नाहीतर लडाखच्या सहलीची. या टप्प्यावर दोन्हींची गरज नसते, असं मला ठामपणे वाटतं. गरज असते ती एका बंधनाची. एकच विषय घ्यायचा, मुदत घालायची, नियम ठरवायचे आणि रोज त्या विषयाचा एक फोटो काढायचा. एकट्याने करा किंवा चार मित्रमैत्रिणींना सोबत घेऊन करा. महिनाभराचं असं एक आव्हान जितकं शिकवतं, तितकं वर्षभराची सुटी-सुटी छायाचित्रं शिकवत नाहीत. असं आव्हान सुरुवातीपासून शेवटच्या निवडीपर्यंत कसं पार पाडावं, ते 'सावली' हा विषय घेऊन पाहू.

विषय अरुंद हवा

'निसर्ग', 'माणसं', 'माझं शहर' हे विषय आव्हानासाठी फार मोठे आहेत. त्यांत काहीही बसतं, म्हणून ते काहीच सुचवत नाहीत. त्यापेक्षा पायऱ्या, हात, पिवळा रंग, खिडकी, दोरी असा एखादा विषय घ्यावा. निवडताना तीन गोष्टी तपासाव्यात. तो रोजच्या वाटेवर भेटतो का? सकाळी, दुपारी, रात्री वेगवेगळा दिसतो का? आणि दरवेळी कुणाची परवानगी न मागता टिपता येतो का?

अरुंद विषय लवकर संपेल, अशी भीती वाटते. प्रागचे छायाचित्रकार योसेफ सुदेक यांचं काम पाहिलं की ती जाते. पहिल्या महायुद्धात त्यांनी उजवा हात गमावला होता. १९४० पासून १९५४ पर्यंत ते आपल्या स्टुडिओची खिडकी टिपत राहिले. काचेवर कधी दव, कधी बर्फ, कधी पावसाचे ओघळ. बाहेर एक वाकडं झाड. एवढ्या सामग्रीवर चौदा वर्षांचं काम उभं राहिलं आणि आज ते त्यांच्या सर्वोत्तम कामांत गणलं जातं. आपल्याला तर एकच महिना काढायचा आहे.

पहिल्या आव्हानासाठी मी सावली सुचवते, कारण ती तिन्ही कसोट्यांना उतरते. ती स्वयंपाकघरात आहे, एसटी स्टँडवर आहे, ऑफिसच्या जिन्यात आहे. शिवाय सावलीमागे लागलेल्या माणसाला प्रकाश कुठून येतो, किती येतो, कशावर पडतो हे पाहावंच लागतं, आणि छायाचित्रणातलं निम्मं शिक्षण तिथेच होतं.

नियम आधी कागदावर

नियम तोंडी ठेवले की दुसऱ्या आठवड्यात सैल होतात. ते वहीत लिहा. मला उपयोगी वाटणारे नियम असे:

१. मुदत चार आठवड्यांची. त्याहून कमी मुदतीत सोपे फोटोच संपत नाहीत. जास्त ठेवली तर नोकरी-संसार सांभाळून निभत नाही.

२. दिवसभरात फोटो कितीही काढा, पण झोपण्यापूर्वी त्यांतला एकच निवडा. उद्यावर ढकलू नका. रोजची निवड हाच या आव्हानाचा गाभा आहे.

३. जुन्या संग्रहातला फोटो चालणार नाही.

४. महिनाभर एकच लेन्स. मोबाइल असेल तर मुख्य कॅमेरा, म्हणजे पडद्यावर '१' दिसतो तोच. झूम करायचं नाही. जवळचं हवं असेल तर दोन पावलं पुढे जायचं.

५. कापणं, सरळ करणं, उजळ-गडद करणं आणि कृष्णधवल करणं चालेल. फोटोत नसलेलं काही घालायचं नाही, असलेलं काही पुसायचं नाही.

६. एखादा दिवस चुकलाच तर दुसऱ्या दिवशी दोन फोटो काढून भरपाई करू नका. तो रकाना रिकामा सोडा आणि पुढे चला.

पाचव्या नियमाबद्दल थोडं सांगायला हवं. हाँगकाँगचे फॅन हो यांचं १९५४ सालचं 'अ‍ॅप्रोचिंग शॅडो' हे सावलीचं अतिशय गाजलेलं छायाचित्र आहे. भिंतीशी एक तरुणी उभी आहे आणि भिंतीवरून तिरकी, धारदार सावली तिच्या पायांशी येऊन थांबली आहे. ती तिरकी सावली होंनी डार्करूममध्ये छपाईच्या वेळी तयार केली होती. त्यांनी ते लपवलं नाही आणि त्याने छायाचित्राची थोरवीही कमी होत नाही. पण आपल्या आव्हानाचा हेतू डोळा तयार करण्याचा आहे. हवी तिथे सावली घालता आली, तर ती शोधायला उन्हात कोण जाईल? म्हणून या महिन्यापुरता हा नियम कडक पाळा.

सूर्याचं वेळापत्रक

सावलीचं आव्हान घ्यायला महाराष्ट्रात डिसेंबर-जानेवारी सर्वांत चांगले. आकाश बहुधा निरभ्र असतं आणि सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो. पुण्यात २१ डिसेंबरच्या माध्यान्हीसुद्धा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच चढतो. त्यामुळे पाच फूट उंचीच्या माणसाची सावली भर दुपारीही जवळजवळ साडेचार फूट पडते. सूर्य ४५ अंशांवर असतो तेव्हा सावली आणि वस्तू यांची लांबी सारखी. त्याखाली उतरला की सावली लांबत जाते. डिसेंबरात दुपारचे मधले दोन-सव्वादोन तास सोडले, तर दिवसभर सावली वस्तूपेक्षा लांबच असते. परदेशातल्या वाचकांचं गणित आणखी वेगळं: लंडनला त्या दिवसांत माध्यान्हीही सावली वस्तूच्या साडेतीन पटींहून लांब पडते.

माध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत, हेही ध्यानात ठेवा. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावर आधारलेली आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला आहोत. म्हणून पुण्या-मुंबईत सूर्य साधारण साडेबाराच्या सुमारास सर्वांत वर येतो.

ज्यांना उन्हाळ्यातच सुरुवात करायची आहे, त्यांना एक दुर्मीळ दिवस साधता येईल. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे महाराष्ट्रात वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायातच लपते. कोल्हापुरात हा शून्य सावलीचा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, पुण्या-मुंबईत मेच्या मध्यावर, नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात. दुसरी वेळ पावसाळ्यात येते, तेव्हा बहुतेक ठिकाणी ढग असतात. टेबलावर उभी ठेवलेली बाटली, गच्चीवरचा पाइप, अंगणात उभं राहिलेलं मूल यांचे त्या मिनिटाचे फोटो सावलीच्या मालिकेत सावली नसलेलं एक पान म्हणून फार शोभतात.

सावलीची कडही पाहायला शिका. सूर्य आपल्याला ठिपक्यासारखा दिसत नाही. आकाशात तो सुमारे अर्धा अंश रुंदीचा आहे. म्हणून वस्तू भिंतीपासून जितकी दूर, तितकी सावलीची कड धूसर. भिंतीपासून मीटरभर अंतरावरच्या दोरीची सावली कडेला जवळजवळ एक सेंटिमीटर विरघळते, भिंतीला टेकलेल्या दोरीची मात्र कापल्यासारखी पडते. एकाच चौकटीत तीक्ष्ण आणि मऊ अशा दोन्ही सावल्या आल्या की सपाट भिंतीलाही खोली येते.

कॅमेऱ्याला आणि मोबाइलला काय सांगायचं

सावलीच्या फोटोत सर्वांत जास्त नुकसान कॅमेऱ्याच्या भल्या हेतूमुळे होतं. चौकटीत काळोख जास्त दिसला की कॅमेरा सगळं उजळ करू पाहतो. सावली राखाडी होते आणि उन्हाचा भाग पांढरा फटक पडतो. त्याला आवरण्याचा एकच मंत्र: उन्हाचा भाग सांभाळा, सावलीला काळं होऊ द्या.

मोबाइलवर चौकटीतल्या सर्वांत उजळ भागावर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि एक्सपोजर तिथे बांधलं जाईल. मग पडद्यावरचं सूर्याचं चिन्ह खाली ओढून फोटो थोडा गडद करा. सेटिंगमध्ये एचडीआर बंद करण्याची सोय असेल तर महिनाभर बंदच ठेवा, कारण सावल्या उजळणं हेच तिचं काम. तशी सोय नसेल तर एक्सपोजर आणखी उतरवा. फ्लॅश पूर्ण बंद. लेन्सवरची बोटांची चिकट पुटं सुती कापडाने रोज पुसा. उन्हाकडे तोंड करून फोटो काढताना त्या पुटांचाच धुरकटपणा चित्रभर पसरतो.

कॅमेरा असेल तर एक्सपोजर कॉम्पेन्सेशन उणे एकवर ठेवून सुरुवात करा. मॅन्युअलवर काम करायचं असेल तर जुनं सूत्र अजूनही चोख आहे: लख्ख उन्हात आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ-१६ आणि शटर एक शंभरांश सेकंद, तो नसेल तर एकशे पंचविसांश. तिथून हिस्टोग्रॅम पाहत थोडं इकडे-तिकडे करा. आलेख उजव्या भिंतीला आदळत नाही एवढं पाहिलं की पुरे. रॉ फाइल ठेवत असाल तर पडद्यावरचं चित्र कृष्णधवल करून घ्या. रंग बाजूला गेले की आकार लगेच उठून दिसतात, आणि रॉ फाइलमध्ये रंग शाबूत राहतात.

रंगीत फोटोत सावली निळसर दिसली तर घाबरू नका. उन्हाच्या जागी थेट सूर्य पोहोचतो. सावलीत पोहोचतो तो निळ्या आकाशाचा उजेड. पांढऱ्या चुन्याच्या भिंतीवर हा निळेपणा फार सुंदर दिसतो, तो काढून टाकायची घाई करू नका.

एक इशारा: डीएसएलआरच्या डोळा लावायच्या खिडकीतून थेट सूर्याकडे कधीही पाहू नका. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

चार आठवडे, चार रोख

महिनाभर 'सावली, सावली' म्हणत फिरलात तर दहाव्या दिवशी झाडाच्या सावलीचे सहा फोटो हाती येतील. म्हणून प्रत्येक आठवड्याला वेगळा रोख द्या.

पहिला आठवडा घरातल्या वस्तूंचा. आंद्रे केर्तेस यांनी १९२८ मध्ये पॅरिसला बशीच्या कडेवर टेकवलेला एक काटा-चमचा आणि त्याची सावली टिपली. 'द फोर्क' नावाचं ते छायाचित्र आज जगभर ओळखलं जातं. आपल्याकडे तर सामग्री याहून समृद्ध आहे: झारा, चाळणी, किसणी, पळी, सोऱ्याच्या चकत्या, पाण्याने भरलेला काचेचा पेला. सकाळी खिडकीतून तिरकं ऊन ज्या ओट्यावर किंवा फरशीवर येतं, तिथे एकेक वस्तू ठेवून पाहा. मागचा भाग साधा हवा. फुलाफुलांच्या मेणकापडावर सावली हरवते. एकच वस्तू घेऊन तासाभरात तिची सावली कशी सरकते तेही टिपा.

दुसरा आठवडा पृष्ठभागांचा. सावली ज्याच्यावर पडते त्याचा आकार घेते. जिन्याच्या पायऱ्यांवर कठड्याची सरळ सावली मोडत-मोडत उतरते. रांजणावर ती वळते, पन्हाळी पत्र्यावर तिच्या लाटा होतात, वाळत घातलेल्या साडीवर ती हलते. जुन्या वाड्यातली लाकडी जाळी, नदीचा घाट, रेल्वेचा पादचारी पूल, शेतातल्या ढेकळांवर पडलेली तारेच्या कुंपणाची सावली ही या आठवड्याची ठिकाणं. ऊन पृष्ठभागाला घासून जाईल अशी वेळ निवडा, म्हणजे सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर. मातीचा पोत, दगडावरचे टाकीचे घाव तेव्हाच उठून दिसतात.

तिसरा आठवडा माणसांचा. पुलावरून, गच्चीवरून किंवा पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून खाली पाहा. संध्याकाळी चालणाऱ्या माणसापेक्षा त्याची सावलीच अधिक बोलते. आधी चांगली पार्श्वभूमी शोधा, चौकट बांधा आणि मग तिच्यात माणूस येण्याची वाट पाहा. पावलं सर्वांत जास्त फाकलेली असतात तो क्षण साधा, म्हणजे सावलीचा आकार मोकळा येतो. सायकल, छत्री, डोक्यावरची पाटी, हातगाडी यांच्या सावल्या चटकन ओळखू येतात. चेहरा दिसत असेल तर विचारून फोटो काढा. लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांना विचारल्याशिवाय काढूच नका. सावलीचा एक फायदा असा की कुणाचीही ओळख उघड न करता माणसांबद्दल बरंच काही सांगता येतं. बाजारात काम करणाऱ्यांचा रस्ता अडवू नका, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांना फोटो दाखवा.

चौथा आठवडा दिव्यांचा आणि स्वतःचा. सूर्य मावळला की विषय संपत नाही. समई, रस्त्यावरचा दिवा, गाडीचा हेडलाइट, मोबाइलची टॉर्च यांच्या सावल्या सूर्याच्या सावल्यांहून वेगळ्या वागतात. दिवा जवळ असल्यामुळे वस्तू त्याच्याकडे सरकवली की सावली झपाट्याने मोठी होते. कुडाळजवळच्या पिंगुळीतले ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळात पडद्यामागच्या दिव्याचं हेच गुपित वापरतात. त्या परंपरेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. सिंधुदुर्गात असाल तर तिथला खेळ जरूर पाहा. आणि या आठवड्यात स्वतःची सावलीही टिपा. शिकागोत मुलं सांभाळण्याचं काम करणाऱ्या व्हिव्हियन मायर यांनी गवतावर, वाळूवर, भिंतींवर पडलेल्या आपल्या सावल्या कितीतरी वेळा टिपल्या. हयातीत त्यांना छायाचित्रकार म्हणून कुणी ओळखत नव्हतं. तरी ते फोटो पाहताना कळतं की हौसेने केलेलं काम किती गंभीर असू शकतं.

हमखास अडणाऱ्या जागा

ढगाळ दिवस आला की बरेच जण हात टेकतात. ढगांतून येणारा उजेड सगळीकडून येतो, त्यामुळे ठसठशीत सावली पडत नाही. पण वस्तू जिथे जमिनीला टेकते, तिथे एक मऊ काळोखी असतेच. टेबलाखाली, मडक्याच्या बुडाशी, उंबऱ्याच्या आत ती शोधा. नाहीतर घरात दिवा लावा.

नोकरी करणाऱ्यांची अडचण वेळेची असते. जाता-येता वाटेवरच्या दोनतीन जागा हेरून ठेवा आणि त्याच जागा वेगवेगळ्या दिवशी टिपा. रोज नवीन ठिकाण शोधत बसण्यापेक्षा हे अधिक फळतं.

तिसरी अडचण गर्दीची. सावली चांगली, पण चौकटीत विजेची तार, कचऱ्याची पिशवी, अर्धी स्कूटर. फोटो घेण्यापूर्वी नजर चौकटीच्या चारही कडांवरून एकदा फिरवा. एक पाऊल डावीकडे सरकून किंवा खाली बसून निम्मा पसारा जातो.

मूळ वस्तू चौकटीत ठेवावी की फक्त सावली, हाही प्रश्न वारंवार येईल. माझी साधी कसोटी अशी: सावलीने वस्तूबद्दल काही नवं सांगितलं तर दोन्ही ठेवा, सावली एकटी पुरेशी असेल तर वस्तू वगळा. फोटो उलटा करूनही पाहा. सावली वर आणि माणूस खाली असा फोटो कधीकधी अधिक बोलतो.

पाचसात जण मिळून करत असाल तर आठवड्यातून एकदा तासभर भेटा. प्रत्येकाने त्या आठवड्याचे तीनच फोटो आणायचे. फोटो काढणाऱ्याने आधी काही बोलायचं नाही. बाकीच्यांनी 'छान', 'मस्त' न म्हणता नजर आधी कुठे गेली आणि नंतर कुठे, एवढंच सांगायचं. फोटोत आपण काय ठेवलं आणि इतरांना काय दिसलं यातलं अंतर तिथे लख्ख कळतं.

शेवटची निवड

महिना संपल्यावर चारपाच दिवस फोटोंकडे पाहू नका. मग निवडलेले सगळे फोटो पोस्टकार्डाच्या आकारात छापून आणा. सहा बाय चार इंचांची प्रिंट जवळच्या लॅबमध्ये परवडते. सगळ्या प्रिंट जमिनीवर मांडा आणि बारा निवडा. सारखे दिसणारे दोन असतील तर एकच ठेवा. काढताना कष्ट फार पडले म्हणून कुठलाही फोटो ठेवू नका. पाहणाऱ्याला ते कष्ट दिसत नसतात. बारांचा क्रम लावताना एका फोटोतली तिरकी रेघ पुढच्या फोटोत कुठे जाते ते पाहा, गडदानंतर उजळ, गर्दीनंतर निवांत असं ठेवून पाहा. घरातल्या कुणाला तरी, ज्याला छायाचित्रणात रस नाही अशालाच, तो क्रम दाखवा. तो कुठे थांबतो तिकडे लक्ष द्या.

मूळ फाइल दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. एकट्या मोबाइलवर विसंबू नका. मालिका एखाद्या स्पर्धेला पाठवायची असेल तर नियमांतलं हक्कांबद्दलचं कलम आधी वाचा. प्रवेशिका पाठवताच फोटोचे सर्व हक्क आयोजकांकडे जात असतील, तर त्या स्पर्धेत भाग घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

या बारा फोटोंतले तीनचार खरोखर चांगले निघाले तर महिना सत्कारणी लागला असं समजा. पण मोठी कमाई त्या फोटोंत मावत नाही. पुढे तुम्ही लग्नाचे फोटो काढाल, गडाचे काढाल, नातवंडांचे काढाल, तेव्हा ऊन कुठून येतंय हे तुम्ही न ठरवताही आधी पाहाल. ही सवय कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही. तेव्हा योग्य मुहूर्ताची वाट पाहू नका. आज रात्री वहीत नियम लिहा आणि उद्या सकाळी तुमच्या घरात पहिलं ऊन कुठे येतं, तिथून सुरुवात करा.